पहिल्या वर्षाचे भूविज्ञान : वर्गात, प्रयोगशाळेत आणि घाटात

भूविज्ञान घेऊन बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची या विषयापुरती पाटी कोरी असते. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला भूशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे खरा, परंतु तो मोजक्याच कनिष्ठ महाविद्यालयांत शिकवला जातो. बाकीच्यांची शिदोरी म्हणजे शाळेच्या भूगोलात भेटलेले ज्वालामुखी, भूकंप आणि अग्निज, स्तरित, रूपांतरित ही खडकांची त्रयी. पुण्याचे फर्ग्युसन, मुंबईचे सेंट झेवियर्स, गोव्यातील धेंपे आणि चौगुले अशा थोड्याच महाविद्यालयांत हा विषय पदवीला असल्यामुळे, नात्यागोत्यात किंवा शेजारीपाजारी ‘मी हे शिकलो आहे’ असे सांगणारे कोणी सहसा सापडत नाही. मग ऐकीव माहितीवर दोन समजुती पक्क्या होतात. दगडांची नावे पाठ केली की झाले, ही पहिली; वर्षभर डोंगर-दऱ्या फिरायला मिळणार, ही दुसरी. दोन्ही पहिल्या महिन्याभरात गळून पडतात. हा विषय मुळात वर्णनाची शिस्त शिकवतो : जे दिसते ते आधी नोंदवायचे, जे मोजता येते ते मोजायचे आणि नाव अगदी शेवटी द्यायचे. हा क्रम ज्याच्या लवकर अंगवळणी पडतो त्याला पहिले वर्ष फारसे जड जात नाही, आणि ज्याला नाव आधी सांगायची घाई असते तो हुशार असूनही प्रात्यक्षिकात अडतो.

तासाला काय शिकवतात

विद्यापीठागणिक अभ्यासक्रमाची मांडणी बदलते, सत्रे आणि क्रेडिटे वेगवेगळी असतात. तरीही पहिल्या वर्षाचा गाभा सगळीकडे जवळजवळ सारखाच आहे. पृथ्वीची अंतर्रचना, प्लेट टेक्टॉनिक्स, नदी-वारा-समुद्र-हिमनदी यांची कामे, खनिजविज्ञान आणि स्फटिकविज्ञानाची ओळख, तिन्ही प्रकारच्या खडकांची निर्मिती, घड्या आणि विभंग (ज्या भेगेवरून खडक सरकले आहेत ती) यांसारख्या रचना, जीवाश्म आणि भूवैज्ञानिक कालगणना, हे सर्व दोन सत्रांत बसवलेले असते. साहजिकच प्रत्येक घटकाची ओळखच होते; खोलात जाणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षावर सोपवलेले असते.

यांतला पृथ्वीच्या पृष्ठभागावरील प्रक्रियांचा भाग भूगोलाशी जुळणारा असल्यामुळे सोपा वाटतो आणि तो सोपा आहेही. खरी चढण सिलिकेट खनिजांपासून लागते. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आणि २८ टक्के सिलिकॉन आहे, म्हणून खडक घडवणारी बहुतेक खनिजे सिलिकेट गटातली असतात. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन अशी जी चतुष्फलकी रचना असते, ती ऑलिव्हिनमध्ये सुटी, पायरॉक्सिनमध्ये एकेरी साखळीत, अँफिबोलमध्ये दुहेरी साखळीत, अभ्रकात पापुद्र्यांत आणि क्वार्ट्झमध्ये त्रिमितीय जाळ्यात गुंफलेली असते. ही जोडणी एकदा नीट समजली की अभ्रकाचे पापुद्रे का सुटतात, क्वार्ट्झ वेडावाकडा का फुटतो आणि पायरॉक्सिनच्या दोन पाटनांमध्ये (खनिज ज्या सपाट पृष्ठांवर फुटते ती पाटने) जवळजवळ काटकोन असताना अँफिबोलच्या पाटनांत ५६ आणि १२४ अंशांचे कोन का येतात, हे वेगवेगळे पाठ करावे लागत नाही. बारावीचे रसायनशास्त्र इथे उपयोगी पडते. ते ज्यांचे कच्चे राहिले आहे त्यांनी आयन, बंध आणि मूलद्रव्यांच्या संयुजा एवढे तरी पहिल्या सत्राच्या सुरुवातीलाच उजळून घ्यावे.

अग्निज खडकांकडे वळताना बोवेनची अभिक्रिया-श्रेणी शिकवली जाते. एन. एल. बोवेन यांनी ती १९२० च्या दशकात प्रयोगांच्या आधारे मांडली. शिलारस थंड होत असताना कोणती खनिजे आधी आणि कोणती नंतर स्फटिकरूप होतात, याचा हा आराखडा आहे. परीक्षेत त्याची आकृती विचारतात म्हणून विद्यार्थी ती घोटून येतात, परंतु तिचा उपयोग आकृती काढण्यापलीकडचा आहे. बेसाल्टमध्ये कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज (फेल्डस्पार गटातले खनिज) आणि ऑजाइट (एक पायरॉक्सिन) एकत्र का दिसतात, आणि ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, ऑर्थोक्लेज (हेही फेल्डस्पारच) व अभ्रक एकत्र का दिसतात, याचे उत्तर त्याच आकृतीत आहे. बेसाल्टमध्ये सिलिकाचे प्रमाण साधारण ४५ ते ५२ टक्के असते, ग्रॅनाइटमध्ये ते बरेच जास्त असते. या एका फरकातून रंग, घनता आणि शिलारसाचा पातळपणा असे अनेक फरक निघतात.

कालगणनेच्या तासाला आकड्यांची सवय व्हायला वेळ लागतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, दख्खनच्या लाव्हाचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, अशा संख्या ऐकताना दोन्ही ‘फार जुने’ एवढेच मनात उरते. इंग्रजी पुस्तकांत ‘मिलियन’ आणि ‘बिलियन’ येतात, आपण विचार मात्र लाख-कोटींत करतो. तेव्हा १० लाख म्हणजे एक मिलियन आणि १०० कोटी म्हणजे एक बिलियन, हे रूपांतर हातासरशी होईल इतके पक्के करावे, अन्यथा उत्तरपत्रिकेत एखादे शून्य कमी-जास्त होते. दुसरी एक चूक दरवर्षी हमखास दिसते : डायनोसॉरच्या हाडाचे वय कार्बनवरून काढतात, असे लिहिणे. कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) सुमारे ५,७३० वर्षेच आहे, त्यामुळे काही दहा हजार वर्षांपलीकडे त्याचा उपयोग होत नाही. कोट्यवधी वर्षांच्या खडकांसाठी युरेनियम-शिसे किंवा पोटॅशियम-आर्गॉन यांसारख्या पद्धती लागतात. युरेनियम-२३८ चा अर्धायुष्यकाल सुमारे ४४७ कोटी वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या जवळपास आहे.

प्रयोगशाळेतले पांढरे दगड

पहिल्या वर्षाची खरी कसोटी प्रात्यक्षिकात आहे. एका थिअरी क्रेडिटमागे साधारण १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटमागे ३० तास धरले जातात, यावरूनच वेळेचे माप लक्षात येते. प्रयोगशाळेत लाकडी ट्रेमध्ये नमुने मांडलेले असतात आणि प्रत्येकावर रंगाने क्रमांक घातलेला असतो. इथेच पहिला मोह होतो. ‘बारा नंबर म्हणजे हेमॅटाइट’ असे क्रमांकावरून लक्षात ठेवणारे विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतात. परीक्षेला शिक्षक नमुना बदलतात, त्याच खनिजाचा दुसऱ्या खाणीतला, दुसऱ्या रंगाचा तुकडा ठेवतात, आणि मग सगळा डोलारा कोसळतो. त्यामुळे क्रमांकाकडे पाहूच नये.

पद्धत कशी चालते ते एका उदाहरणावरून पाहू. ट्रेमध्ये पाच पांढरे-फिकट नमुने आहेत : क्वार्ट्झ, कॅल्साइट, जिप्सम, बराइट आणि फेल्डस्पार. रंगावरून काहीही ठरत नाही. पहिला नमुना हातात घेताच तळहाताला त्याचा भार जाणवतो, त्याच्या आकाराच्या मानाने तो जड आहे. बराइटची विशिष्ट घनता सुमारे ४.५ आहे, क्वार्ट्झची २.६५, म्हणून हा बराइट असण्याची शक्यता आधी नोंदवायची. दुसऱ्यावर नखाने ओरखडा उमटतो. नखाचा कठीणपणा मोह्झच्या १ ते १० च्या मापनात साधारण २.५ आहे आणि जिप्समचा २. तिसऱ्यावर चाकू सहज चालतो, फुटलेल्या तुकड्याच्या बाजू तिरप्या समांतरभुज चौकोनासारख्या आहेत, आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकताच जोराने फेस येतो, हा कॅल्साइट. (डोलोमाइटवर असा फेस सहसा त्याची पूड केल्यावरच येतो, म्हणून आम्लाचा निकाल लावण्यापूर्वी थेंब कशावर टाकला ते लिहावे.) चौथ्यावर चाकू चालत नाही, दोन सपाट पृष्ठे जवळजवळ काटकोनात आहेत आणि दिव्याखाली फिरवताना ती एकदम चमकतात, हा फेल्डस्पार. पाचवाही चाकूला दाद देत नाही, परंतु त्याला सपाट पृष्ठ नाही, फुटलेल्या भागावर शंखाच्या आतल्या बाजूसारखे वक्र आहेत, हा क्वार्ट्झ.

यात एक सापळा आहे. चाकू क्वार्ट्झवर घासल्यावर करडी रेघ दिसते आणि विद्यार्थी ‘ओरखडा पडला, कठीणपणा ५.५ पेक्षा कमी’ असे लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात ती रेघ चाकूच्या पोलादाची असते. बोट ओले करून घासावे. रेघ पुसली गेली तर खनिजाने चाकू खरवडला, खरीखुरी खाच बोटाला लागली तर चाकूने खनिज. ही एक गोष्ट करण्याची सवय लागली तरी निम्म्या चुका टळतात.

धातुखनिजांच्या बाबतीत कस, म्हणजे न चकाकवलेल्या पोर्सेलिनच्या फरशीवर उमटणाऱ्या रेघेचा रंग, सर्वांत भरवशाचा. हेमॅटाइटचा नमुना काळा-पोलादी चकाकीचा असो वा मातकट तांबडा, कस तांबडाच येतो. मॅग्नेटाइटचा काळा येतो आणि त्याला चुंबकही चिकटते. पिवळ्या, सोन्यासारख्या दिसणाऱ्या पायराइटचा कस हिरवट काळा असतो. मात्र ही फरशी सुमारे ६.५ ते ७ इतकी कठीण असते. त्याहून कठीण खनिज तिच्यावर घासले तर पांढरी पूड फरशीची असते, खनिजाची नव्हे. ज्यांना रंगांध‌ता आहे त्यांनी हे सत्राच्या सुरुवातीलाच शिक्षकांना सांगावे. कठीणपणा, पाटन, घनता, चकाकी, स्फटिकाचा आकार या कसोट्यांना रंग लागत नाही, आणि एरवीही रंग ही सर्वांत कमी भरवशाची कसोटी आहे.

स्फटिकविज्ञानाचे प्रात्यक्षिक याहून वेगळ्या जातीचे असते. हातात लाकडाचे किंवा पुठ्ठ्याचे प्रारूप देतात आणि त्यातील सममितीची प्रतले, अक्ष आणि केंद्र शोधायला सांगतात. घनीय संहतीच्या सामान्य वर्गात ९ प्रतले असतात, आणि अक्ष एकूण १३ : तीन चतुष्फली, चार त्रिफली आणि सहा द्विफली. हे आकडे सर्वांना तोंडपाठ असतात, परंतु प्रारूप हातात फिरवून एकेक अक्ष दाखवा म्हटले की गोंधळ उडतो. यावर उपाय सोपा आहे : जाड कागदाचा घन, अष्टफलक आणि षट्कोनी स्तंभ घरी बनवावा, त्यातून टाचणी आरपार घालून फिरवावे आणि एका फेरीत तोच देखावा किती वेळा येतो ते मोजावे. मिलर निर्देशांक, म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठांची दिशा सांगणारे आकडे, त्यानंतरच शिकावेत. सममिती न समजता शिकलेले निर्देशांक केवळ कंसातले आकडे राहतात.

जीवाश्मांसाठी बहुधा एक-दोनच तासिका मिळतात. ट्रायलोबाइटचे तीन पाळींत विभागलेले शरीर, ॲमोनाइटच्या कवचावरील सीवनरेषा, गोंडवन काळातील ग्लॉसॉप्टेरिसचे पान, हे ओळखायला अवघड नाही. ब्रॅकिओपॉड आणि द्विपुट शिंपला यांत मात्र गल्लत होते. ब्रॅकिओपॉडचे सममितीचे प्रतल दोन्ही पुटांना (कवचाच्या झडपांना) मधोमध कापत जाते, शिंपल्याचे दोन पुटांच्या मधून जाते. एवढे हातात धरून पाहिले की पुरते.

नकाशा : ज्याची भीती वाटते तो भाग

समोच्चरेषांचा नकाशा आणि त्यावरून काढायचा भूवैज्ञानिक छेद (जमीन उभी कापल्यास थर कसे दिसतील त्याची आकृती) यांना विद्यार्थी सर्वांत जास्त बिचकतात, आणि माझ्या मते हाच भाग सर्वांत लवकर हाताशी येणारा आहे, कारण यात पाठांतर नाही. कागदाची पट्टी छेदरेषेवर ठेवायची, समोच्चरेषा जिथे जिथे पट्टीला छेदतात तिथे खूण करून उंची लिहायची, त्या खुणा आलेखकागदावर उतरवून भूपृष्ठाची रेषा काढायची आणि मग थरांच्या सीमा त्याच पट्टीने उतरवायच्या. सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. उभे प्रमाण आडव्यापेक्षा मोठे घेतले तर डोंगर चढे दिसतात आणि थरांचा कलही खोटा दिसतो, म्हणून अन्यथा सांगितले नसेल तर दोन्ही प्रमाणे सारखी ठेवावीत.

थराचा कल म्हणजे डिप आणि त्याला काटकोनात असणारी आडवी दिशा म्हणजे स्ट्राइक, या दोन गोष्टी वहीवर शिकण्यापेक्षा तिरप्या धरलेल्या पुठ्ठ्यावर पाण्याचा थेंब सोडून शिकाव्यात : थेंब ज्या दिशेने ओघळतो ती डिपची दिशा. सपाट जमिनीवर थराची रुंदी २०० मीटर आणि कल ३० अंश असेल तर खरी जाडी २०० × साइन ३०, म्हणजे १०० मीटर. पहिल्या वर्षाचे गणित साधारण एवढ्याच वजनाचे असते. त्रिकोणमिती, लॉगॅरिदम आणि प्रमाणे यांपलीकडे क्वचितच जाते.

दरीतून जाणाऱ्या थराची सीमा नकाशावर कशी वळते, हा हमखास विचारला जाणारा प्रश्न आहे. आडव्या थराची सीमा समोच्चरेषांना समांतर जाते, उभ्या थराची सीमा दरी-डोंगराची पर्वा न करता सरळ जाते, प्रवाहाच्या वरच्या दिशेने कललेल्या थराचे टोक दरीत वरच्या दिशेला वळते आणि प्रवाहाच्या दिशेने दरीच्या उतारापेक्षा जास्त कललेल्या थराचे टोक खालच्या दिशेला वळते. महाराष्ट्रात राहणाऱ्याला यातला पहिला नियम पाहण्यासाठी नकाशाचीही गरज नाही. सह्याद्रीतील लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असल्यामुळे समोरच्या डोंगरावर कातळाचे कडे एकाच उंचीवरून, प्रत्येक सोंडेला वळसा घालत, पायऱ्यापायऱ्यांनी गेलेले दिसतात. समोच्चरेषा डोंगरावरच आखून ठेवल्या असत्या तर त्या अशाच दिसल्या असत्या.

क्षेत्रभेट

तुम्ही कोठे शिकता यावर इथे बरेच अवलंबून असते. पुणे, मुंबई, नाशिक, सोलापूर इथल्या विद्यार्थ्याला आसपास जवळजवळ सगळीकडे बेसाल्टच भेटतो. दख्खनचा लाव्हा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. नागपूरच्या विद्यार्थ्याचे नशीब याबाबतीत थोर आहे. त्याच्या एका दिवसाच्या अंतरात बेसाल्ट आहे, वर्धा खोऱ्यातील कोळशाचे गोंडवन थर आहेत, मनसर-कांद्री भागातील मँगनीजयुक्त रूपांतरित खडक आहेत आणि डायनोसॉरचे अवशेष देणारे लॅमेटा थरही आहेत. गोव्यात जांभा, लोहखनिजाचे पट्टेदार थर आणि प्राचीन रूपांतरित खडक मिळतात. याउलट पश्चिम महाराष्ट्रातील महाविद्यालयांना ग्रॅनाइट, चुनखडक किंवा घड्या पडलेले खडक दाखवण्यासाठी लांबचा दौरा काढावा लागतो, आणि त्याचा खर्च व सुट्ट्या यांचा अंदाज प्रवेशाच्या वेळीच घेतलेला बरा.

तरीही एकाच खडकाच्या मुलखात शिकण्यासारखे थोडे आहे, असे समजू नये. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो अशा एखाद्या उघड्या भिंतीसमोर पाच मिनिटे काही न लिहिता उभे राहावे. खाली घट्ट, काळसर, उभ्या-आडव्या संधी (भेगा) असलेला कातळ दिसतो. वर जाताना त्यात छिद्रे वाढत जातात. लाव्हातील वायू वर चढून पृष्ठभागाजवळ अडकल्याच्या त्या खुणा. कित्येक छिद्रांत पांढरी खनिजे भरलेली असतात : स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांसारखी झिओलाइटे, कधी कॅल्साइट, कधी गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, बारीक स्फटिक. या छिद्रमय भागावर अचानक भाजलेल्या विटेच्या रंगाचा, हाताने भुगा होईल असा तांबडा थर येतो, काही ठिकाणी बोटभर, काही ठिकाणी हातभर जाड. त्याच्यावर पुन्हा घट्ट काळा कातळ सुरू होतो. तांबडा थर म्हणजे दोन उद्रेकांमधला विराम : खालच्या लाव्हाचा माथा उघडा पडून झिजला, त्याची माती झाली, काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राखही मिसळली, आणि पुढचा लाव्हा त्यावर पसरला. ही भिंत जशी दिसते तशी रेखाटून, प्रत्येक भागाची जाडी टेपने मोजून लिहिली, की स्तरविज्ञानाचा, म्हणजे खडकांच्या थरांच्या क्रमाच्या अभ्यासाचा, पहिला धडा पुरा झाला. पुढे जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही लाव्हाच्या शैलसमूहांची खालून वर जाणारी नावे शिकाल तेव्हा त्यातली बरीचशी एस.टी.च्या पाटीवर वाचलेली असल्याचे ध्यानात येईल.

नोंदवहीत तारीख, ठिकाण, अक्षांश-रेखांश, हवामान आणि मग निरीक्षणे, या क्रमाने लिहावे. रेखाटनाला उत्तर दिशा आणि प्रमाण हवेच. छायाचित्र घेतानाही शेजारी हातोडी किंवा पेन ठेवावे, नाहीतर महिन्याभराने तो कडा पाच फुटांचा होता की पन्नास, हे सांगता येत नाही. खडक ओळखायचा तो नुकत्याच फोडलेल्या पृष्ठावरून. बाहेरचा तपकिरी थर झिजेचा असतो. कंपासने वाचन घेताना हातोडी आणि मोबाइल दूर ठेवावेत. हातोडी, क्लिनोमीटर (थरांचा कल मोजण्याचे साधन) आणि आम्लाची बाटली महाविद्यालय देते. स्वतःचे असावे ते दहापट मोठे दाखवणारे भिंग, आणि ते दगडापाशी नव्हे तर डोळ्यापाशी धरून दगड जवळ आणावा. याखेरीज पेन्सिली, रंगीत पेन्सिली, आलेखकागद, ट्रेसिंग पेपर आणि कोनमापक एवढ्यावर वर्ष निघते.

हातोडीबद्दल दोन शब्द. बेसाल्टच्या कपच्या गोळीसारख्या उडतात, म्हणून चष्मा किंवा गॉगल लावल्याशिवाय आणि शेजारच्याला बाजूला केल्याशिवाय घाव घालू नये. कार्ले, अजिंठा, वेरूळ ही लेणी याच लाव्हात खोदलेली आहेत, तिथे आणि कोणत्याही संरक्षित स्थळी हातोडी पिशवीतच राहावी. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे बेसाल्टचे स्तंभ किंवा निघोजजवळ कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे नुसते पाहून आणि रेखाटून पुरेसे शिकवतात. पावसाळ्यात घाटातल्या उघड्या उतारांखाली रेंगाळू नये. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले. दरडी का कोसळतात हे याच अभ्यासक्रमात शिकवले जाते. मुलींना मुक्कामाच्या दौऱ्याला पाठवायला घरचे कधीकधी कचरतात. दौऱ्याचे वेळापत्रक, मुक्कामाचे ठिकाण आणि सोबतच्या शिक्षिकांची माहिती महाविद्यालयाकडून लेखी मागून घरी दाखवली, तर बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. क्षेत्रकार्याचे गुण दौऱ्याशिवाय मिळत नसल्याने ही गोष्ट आयत्या वेळेवर टाकू नये.

दौरा लोणारला गेला तर तिथे जाण्याआधी एकदा स्थानिक भूविज्ञान वाचून जावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर बेसाल्टमध्ये घडलेले आहे. ते ज्वालामुखीचे मुख नसून आघाताने झाले, हे ठरवताना केवळ आकार पुरेसा ठरला नाही. आघाताच्या दाबाने काचरूप झालेले फेल्डस्पार, म्हणजे मॅस्केलिनाइट, हा महत्त्वाचा पुरावा ठरला. गोल खळगा दिसला की विवर म्हणायचे नाही, हे तिथे काठावर उभे राहून चांगले पटते.

परीक्षा, जर्नल आणि भाषा

प्रात्यक्षिक परीक्षेत ‘स्पॉटिंग’ असते : टेबलावर नमुने मांडलेले, प्रत्येकापाशी ठराविक वेळ, घंटा वाजली की पुढे. नाव बरोबर आणि गुणधर्म रिकामे असतील तर निम्मेच गुण मिळतात. नाव चुकले परंतु गुणधर्म अचूक असतील तर बरेच परीक्षक काही गुण देतात. म्हणून घंटेपूर्वी नाव सुचले नाही तरी कठीणपणा, पाटन, चकाकी, कस लिहून मोकळे व्हावे. प्रमाणित जर्नलशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवून घेणाऱ्यांची संख्या कमी नसते, परंतु तोंडी परीक्षेत परीक्षक तेच जर्नल उघडून ‘ही आकृती समजावून सांगा’ म्हणतात, तेव्हा उसने काम उघडे पडते.

शिकवणे, पुस्तके आणि उत्तरपत्रिका बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्याला पहिले दोन महिने पारिभाषिक शब्दांचा मारा सोसावा लागतो, इंग्रजी माध्यमातून आलेल्यालाही ते शब्द नवेच असतात, त्यामुळे हा फरक वाटतो तितका टिकत नाही. प्रत्येक नव्या संज्ञेपुढे व्याख्येऐवजी तिचे एक प्रत्यक्ष उदाहरण, शक्यतो स्वतः हाताळलेल्या नमुन्याचे किंवा पाहिलेल्या ठिकाणाचे, लिहून ठेवावे. वर्गात समजले नाही तर शंका मराठीत विचारायला संकोचू नये. विभाग लहान असतात, तुकडीत थोडे विद्यार्थी असतात, आणि शिक्षक नावानिशी ओळखतात हा या विषयाचा मोठा फायदा आहे.

हा विषय मुख्य म्हणून पुढे न्यायचा की दुय्यम ठेवायचा, हे पहिल्या वर्षाच्या अखेरीस ठरवावे लागते. मुख्य म्हणून घेतल्यास पुढील वर्षांत ०.०३ मिलिमीटर जाडीचे खडकांचे काप ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, रचनात्मक भूविज्ञान, भूजल आणि आर्थिक भूविज्ञान येते. एम.एस्सी.साठी आयआयटींमध्ये जायचे असेल तर जॅम या प्रवेशपरीक्षेत भूविज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातील भूवैज्ञानिकाच्या पदासाठी संघ लोकसेवा आयोग स्वतंत्र परीक्षा घेतो, तिला पदव्युत्तर पदवी लागते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तसेच नागपूरला मुख्यालय असलेले भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय ही या विषयाची कार्यालये आहेत. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत आपल्या जिल्ह्यातील भूजल कार्यालयात जाऊन निरीक्षण विहिरींच्या पातळ्या कशा मोजतात ते पाहण्याची परवानगी विभागप्रमुखांच्या पत्राने मागता येते. भूगोल, स्थापत्य किंवा पर्यावरणशास्त्र मुख्य ठेवून भूविज्ञान दुय्यम घेणाऱ्यांनी निदान नकाशावाचन आणि खडकांचे वर्णन ही दोन प्रात्यक्षिके सोडू नयेत, कारण त्यांच्या मुख्य विषयात नेमकी तीच कामाला येतात.